रेडिएटर प्रेशर टेस्टर किट: पिकअपवाल्याने घ्यावं का?

प्लास्टिकची एक पेटी. तिच्यात हातपंप, त्यावर काट्याचं मीटर, हातभर नळी आणि रंगीत टोप्यांसारखे दिसणारे वीस-अठ्ठावीस ॲडॅप्टर. ‘रेडिएटर प्रेशर टेस्टर किट’ या नावाने ही वस्तू ऑनलाइन मिळते. डिझेल पिकअपच्या मालकाने ती घ्यावी का, याचं उत्तर आधीच देतो. घाटात माल वाहत असाल तर जरूर घ्या. फक्त पेटी उघडल्यावर पहिला अर्धा तास गाडीला हात लावू नका. तो वेळ किट तपासायला द्या, कारण गळकं किट चांगल्या गाडीलाही गळकी ठरवतं.

किटवर ओळखीच्या कंपनीचं नाव सहसा नसतं. एकाच साच्यातला माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, म्हणून इथे ब्रँडची तुलना केलेली नाही. किंमत नगांवर ठरते, साधारण दोन ते पाच हजारांच्या मध्ये. जास्त नग म्हणजे चांगलं किट, असं अजिबात नाही. बहुतेक ॲडॅप्टर आपल्याकडे दिसतही नाहीत अशा गाड्यांचे असतात. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की दोस्त, एका गाडीला त्यातला एक लागतो, फार तर दोन.

या किटचं काम एकच. गाडी गरम असताना कूलिंग सिस्टीममध्ये जेवढा दाब तयार होतो, तेवढाच दाब थंड इंजिनात हातपंपाने तयार करायचा आणि तो टिकतो का ते बघत बसायचं. चालत्या गरम इंजिनाखाली गळती शोधणं धोक्याचं असतं आणि बऱ्याचदा फुकटही जातं. बारीक भोकातून आलेला थेंब गरम लोखंडावर पडताच वाफ होऊन उडतो, खाली डाग पडत नाही. म्हणून मालक म्हणतो, ‘गळत तर कुठेच नाही, पण आठवड्याला अर्धा लिटर पाणी लागतं.’ थंड इंजिनावर दाब दिला की तोच थेंब जागेवर लटकलेला दिसतो.

साताऱ्यात याची गरज जास्त, कारण इथून निघालेल्या गाडीला घाट चुकत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी, वाईहून पाचगणीला चढताना पसरणी, महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी, पाटणकडून चिपळूणला कुंभार्ली. कुंभार्लीत जाताना उतार असतो म्हणून निभावतं, पण परतीला चिऱ्याचा माल भरून चढणारी पिकअप दुसऱ्या गिअरवर बैलगाडीच्या चालीने चालते. समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर आणि पाण्यावर येतो.

त्यात उंचीचा हिशेब बहुतेकांच्या ध्यानात नसतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना नाही, ९५-९६ अंशांनाच उकळतं. गाडीतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो आणि ९५ च्या सुमारास पूर्ण उघडतो. म्हणजे सिस्टीममध्ये दाब धरला गेला नसेल, तर थर्मोस्टॅट पुरता उघडतोय न उघडतोय तोच पाणी उकळायला लागलेलं असतं. तेच ०.९ बारची (बार हे दाबाचं एकक) कॅप, म्हणजे रेडिएटरचं दाब धरणारं टोपण, घट्ट बसली असेल तर त्याच जागी साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या आसपास तग धरतं, आणि अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर १२० च्या पुढे. हा वीस-पंचवीस अंशांचा आधार एका सैल क्लिपमुळे किंवा कडक झालेल्या कॅपच्या रबरामुळे जातो. पाणी भरलेलं असतं, तरी गाडी उकळते.

तापमानाच्या काट्यावरही विसंबता येत नाही. पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत राहतो आणि डॅशबोर्डचा काटा चढायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. तेवढ्यात हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलेलं असतं. हेड काढून फेस मारणं (त्याचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट (हेडखालची सील), बोल्ट, मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस हा हिशेब मांडला की किटची किंमत त्यापुढे फार लहान दिसते.

आता किटची परीक्षा. आधी मीटर बघा. ० ते ३५ पीएसआयचं (हेही दाबाचं एकक) मीटर असतं आणि आपलं काम १३ ते १६ मध्ये चालतं. दाब नसताना काटा शून्यावर हवा. दोन-तीनवर अडकून राहिला असेल तर किट परत पाठवा. मीटर खरं बोलतं का, हे घरच्या पाण्याच्या टाकीवरून कळतं. पाण्याची ७ मीटर उंची म्हणजे जवळजवळ १० पीएसआय. मीटर ठेवलेल्या जागेपासून टाकीतल्या पाण्याची पातळी ७ मीटर वर असेल, तर टाकीतून येणाऱ्या नळीला मीटर जोडून, कुठेही पाणी वाहत नसताना, काटा १० च्या जवळ दिसायला हवा. एखाद्या पीएसआयचा फरक चालेल, फक्त तो पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा. त्याहून जास्त फरक असेल तर मीटर बदला.

मग पंप दाब धरतो का, ते बघा. किटमध्ये कॅप तपासण्यासाठी दुतोंडी ॲडॅप्टर असतो. त्याच्या एका तोंडावर नवी कॅप बसवा, दुसऱ्या तोंडाला पंप जोडा आणि १० पीएसआय भरा. कॅपच्या आकड्याखालचा दाब असल्याने कॅप उघडणार नाही, काटा जागेवर थांबायला हवा. बिगरनावाच्या किटमध्ये तो बऱ्याचदा थांबत नाही. साबणाचा फेस लावा: नळी आणि ॲडॅप्टर जोडणाऱ्या पितळी कपलरच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ उठते. आतली ओ-रिंग कोरडी किंवा चिरलेली असते. ती काढून, चिरलेली असेल तर नवी घेऊन, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस वापरू नका, कूलंटसाठीच्या काही रबरांना ते फुगवतं. मीटरच्या आट्यातून बुडबुडे येत असतील तर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे पुरतात. पंपाच्या आतल्या झडपेतून हवा मागे येत असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता किट बदलून घ्या.

ॲडॅप्टरची निवड ऑर्डर देण्याआधीच करायची असते. आपल्या गाडीचं दाबाचं टोपण नेमकं कुठे आहे ते बघा. काही पिकअपना ते रेडिएटरच्या मानेवर असतं, पाव फेरा फिरवून बसणारं. काहींना प्लास्टिकच्या दाबाच्या बाटलीवर असतं, आट्यांचं. बाजूला असलेली साधी ओव्हरफ्लोची बाटली वेगळी, तिच्यावर दाब नसतो आणि तिला टेस्टर लावून काही कळत नाही. मानेचा आतला व्यास आणि कडेपासून आतल्या बैठकीपर्यंतची खोली व्हर्नियरने मोजा, आटे असतील तर आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, आणि विक्रेत्याला हे आकडे कळवून मगच पैसे द्या. काही किटमध्ये फुगणाऱ्या रबराचा सर्व गाड्यांना चालणारा ॲडॅप्टर असतो. तो आट्यांचा घोळ मिटवतो, पण ओल्या तोंडातून सटकतो. पंप मारताना चेहरा त्याच्या वर आणू नका.

प्रत्यक्ष चाचणी सकाळी करा. रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली गाडी, सपाट जागा, सावली. या तिन्ही गोष्टींना कारण आहे. इंजिन कोमट असेल तर ते निवत जाताना आतला दाब आपोआप उतरतो आणि गळती नसतानाही गळती वाटते. उलट अंगणात ऊन येऊन रेडिएटर तापला तर दाब वाढतो आणि खरी गळती झाकली जाते.

कॅप उघडून पाणी मानेच्या काठापर्यंत भरा. किती मिलिलिटर मावलं ते मोजून लिहा, पुढच्या वेळी हाच आकडा कामाला येतो. कॅप जिथे टेकते ती मानेतली बैठक कापडाने पुसून बोट फिरवा. खरवड किंवा गंजाची फोड लागली तर नवी कॅपसुद्धा तिथे दाब धरणार नाही. मग ॲडॅप्टर बसवा आणि हळूहळू पंप मारा. किती? आपल्या कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच. ०.९ म्हणजे १३ पीएसआय, १.१ म्हणजे १६. कॅपवर ९० लिहिलं असेल तर ते किलोपास्कल, म्हणजे तेही ०.९ बारच. ‘जरा जास्त मारून बघू’ हा मोह आवरा. हल्लीच्या रेडिएटरला ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या असतात, मध्ये रबर घालून पत्र्याचे दात दुमडलेले. जादा दाबाने तो जोड उघडतो आणि चांगला रेडिएटर आपल्याच हाताने गळका होतो.

पहिल्या मिनिटात काटा थोडा उतरतो, कारण रबरी पाइप ताणले जातात. पुन्हा भरून घ्या आणि तिथून वेळ लावा. १५ मिनिटांत काटा जागेवर राहिला तर सिस्टीम घट्ट आहे, गळती नाही. एक पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर शोध सुरू करा.

शोधायला टॉर्च, छोटा आरसा आणि गाडीखाली पसरलेला कोरा कागद हवा. वरचा होज पाइप, खालचा होज पाइप, थर्मोस्टॅटच्या घराचा जोड, रेडिएटरच्या टाक्यांचे दुमडलेले जोड, हिटर असेल तर त्याच्या नळ्या, ब्लॉकवर ठोकलेले गोल पत्र्याचे कोर प्लग. पण सगळ्यात आधी वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. पंपाच्या बॉडीच्या खालच्या अंगाला पेन्सिल जाईल एवढं भोक असतं. ते कारखान्याने मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. आरसा धरून बघा: भोकाच्या ओठावर गुलाबी किंवा हिरवी खार जमलेली असते, मिठासारखी, आणि तिथून खाली एक बारीक वाळलेली रेघ गेलेली असते. दाब दिल्यावर त्या खारीच्या टोकाला थेंब फुगतो, थरथरतो, पडतो. अर्ध्या मिनिटाने दुसरा. हा पंप आणखी महिना-दोन महिने चालेलही, पण बेअरिंग सुटून पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसण्याची वाट कशाला बघायची? पंप बदला, सोबत गॅस्केट आणि बेल्टही नवा घाला. आणि ते भोक एम-सीलने कधीही बुजवू नका. बुजवलं की पाणी बेअरिंगमध्येच जातं.

होज पाइपची गळती बहुतेक वेळा क्लिपखालून असते. स्क्रूची क्लिप पुन्हा पुन्हा आवळली की पट्टीच्या खाचा रबर कापतात आणि गळती आणखी वाढते. पाइप थंड असताना दाबून बघा. दाबताना आतून करकर आवाज आला, टोकाला तडे दिसले किंवा एखादा भाग स्पंजासारखा लागला, तर क्लिप आवळून भागणार नाही, पाइपच बदला आणि सोबत क्लिपही. क्लिप पाइपच्या टोकापासून चार-पाच मिमी आत, नळीच्या फुगवट्याच्या मागे यायला हवी. फुगवट्यावर बसवलेली क्लिप काही दिवसांनी घसरते.

थंडीतली गळती वेगळी असते. डिसेंबरात पाचगणीला रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीखाली सकाळी ओलावा दिसतो आणि गाडी तापली की बंद होतो, कारण धातू आणि कडक झालेलं रबर थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. अशी गाडी दुपारी तपासली तर पास होते. म्हणून चाचणी पहाटेची.

दाब उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, ही सगळ्यात काळजीची अवस्था. पाणी आत जातंय: हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये, ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग) हवेच्या मार्गात, किंवा ऑइल कूलरमधून तेलात. ऑइलची डिपस्टिक काढून बघा. तेल चहाच्या रंगाचं, दुधाळ झालं असेल तर इंजिन चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टरसुद्धा मारू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इथून पुढचं काम मेकॅनिकचं. कॉमन रेल, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या, इंजिनाचे इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या घरी सोडवू नयेत. चालू इंजिनात त्या नळ्यांत दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते.

गॅस्केटबद्दल आणखी एक खूण हे किट देतं. तेल स्वच्छ असेल आणि सिलिंडरमध्ये पाणी असल्याचं दुसरं लक्षण नसेल तरच हे करा. दाब सोडून द्या, टेस्टर जागेवरच ठेवा आणि थंड इंजिन चालू करा. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे चांगल्या इंजिनात काटा सावकाश वर येतो. एका मिनिटाच्या आत काटा भराभर चढू लागला किंवा इंजिनाच्या ठोक्याबरोबर नाचू लागला, तर सिलिंडरमधली हवा पाण्यात घुसतेय. लगेच इंजिन बंद करा, कॅपच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका. खात्री करायला निळ्या द्रवाची वेगळी चाचणी असते. रेडिएटरवरची हवा त्या द्रवातून ओढली आणि रंग हिरवट-पिवळा झाला की निदान पक्कं. हा द्रव या किटमध्ये सहसा नसतो.

किटचा दुसरा उपयोग कॅप तपासण्याचा, आणि आमच्या मते पैसे वसूल करणारा हाच. ज्याची किंमत सगळ्यात कमी, तीच वस्तू कुणी तपासत नाही. कॅप ओली करून दुतोंडी ॲडॅप्टरवर बसवा आणि पंप मारा. छापलेल्या आकड्याच्या जवळ पोचल्यावर फुस्स आवाज येऊन दाब थांबायला हवा, आणि त्याखाली स्थिर राहायला हवा. १३ ची कॅप ७ वर सोडत असेल तर तीच घाटातल्या उकळण्याचं कारण. कॅपच्या पोटातली छोटी पितळी झडप नखाने ओढून सोडा, ती टचकन मागे बसली पाहिजे. गाडी निवताना बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये परत येतं ते याच झडपेतून. ती अडकली की निवलेल्या गाडीचा वरचा होज पाइप चिपाडासारखा चपटा झालेला दिसतो आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा राहतो.

नवी कॅप घेताना जुनी सोबत न्या. आकडा जुळला की झालं, असं नाही. मानेची खोली दोन-तीन प्रकारची असते आणि कमी लांबीची कॅप खोल मानेत बसवली तर ती वरून घट्ट दिसते, पण आतलं रबर बैठकीला टेकतच नाही. दोन्ही कॅप शेजारी धरून टोपणाच्या कडेपासून खालच्या रबरापर्यंतचं अंतर डोळ्यांनी जुळवा. जास्त आकड्याची कॅप लावून गाडी कमी तापते असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तो दाब जुन्या पाइपवर आणि रेडिएटरच्या जोडावर जातो.

गळती काढायला पाणी सोडलंच आहे तर थर्मोस्टॅटही बघून घ्या. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर. दोन्ही तळाला टेकू देऊ नका. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडू लागली आणि पाणी उकळेपर्यंत आठ-दहा मिमी उघडली तर तो चांगला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती चूक आहे. इंजिन कायम थंड राहतं, डिझेल जास्त पितं, पांढरा धूर टाकतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा मार्ग बंद करते. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते.

भरायचं काय, यावर मोकळेपणाने लिहायला हवं, कारण चाचणीइतकंच ते महत्त्वाचं आहे. माण-खटावकडच्या बोअरचं जड पाणी ज्या घरात बंबात जातं, त्यांना बंबाच्या आतला पांढरा थर माहीत असतो. तोच थर इंजिनाच्या पोटात आणि रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत बसतो, आणि तिथे तो खरवडून काढता येत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. कूलंट तयार मिश्रण आहे की कॉन्सन्ट्रेट (पाणी घालून वापरायचं), हे डब्यावर वाचा. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. जुन्यात नव्या जातीचं कूलंट मिसळलं तर गंजरोधक द्रव्यं एकमेकांना मारतात आणि कधी गाळ धरतो.

सिस्टीम धुऊन काढल्यानंतर ब्लॉकमध्ये दोन-तीन लिटर साधं पाणी अडकून राहतं, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा गाडीच्या पुस्तकात एकूण मापाचा आकडा १० लिटर आहे. तयार ५०:५० मिश्रण भरलं तर आतल्या ३ लिटर पाण्यामुळे प्रत्यक्षात ३५ टक्केच राहतं. त्याऐवजी आधी ५ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. प्रमाण बरोबर बसतं. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून गोठणबिंदू दाखवणारं छोटं साधन) मिळाला तर थेंब टाकून बघा: उणे ३७ अंश म्हणजे निम्मं-निम्मं, उणे १७-१८ म्हणजे एक तृतीयांश. साताऱ्यात गाडी गोठत नाही हे खरं, पण गोठणबिंदू हे प्रमाण मोजायचं माप आहे, आणि प्रमाण कमी तर गंजापासून राखण कमी. ओल्या लायनरच्या डिझेल इंजिनात, म्हणजे जिथे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं, लायनर थरथरतो, पाण्याच्या बाजूला बुडबुडे फुटतात आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. योग्य कूलंट त्या पृष्ठभागावर संरक्षक थर धरतं, साधं पाणी धरत नाही.

काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं पितात. गळती बुजवायला हळद टाकायची जुनी युक्ती सांगली-साताऱ्यात अजून चालते. हळद फुगून बारीक भोक बुजवते हे खरं, पण त्याच वेळी रेडिएटरच्या नळ्या आणि थर्मोस्टॅटही बुजवते. आडरानात अडकलात तर गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. त्यानंतर सिस्टीम पूर्ण धुवा, आणि हळद आत असताना केलेली दाबाची चाचणी खरी मानू नका.

भरताना हवा अडकते. गाडीचं तोंड चढाकडे करून, हिटर असेल तर गरमवर ठेवून, कॅप उघडी ठेवून इंजिन थंडपणी चालू करा आणि मंद चालू द्या. वरचा होज पाइप अधूनमधून दाबा, बुडबुडे येत राहतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा आणि कॅप लावा. महागड्या किटमध्ये हवा ओढून कूलंट भरायचं व्हॅक्यूमचं साधन असतं, पण त्याला एअर कॉम्प्रेसर लागतो. घरी कॉम्प्रेसर नसेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

हे किट काय सांगत नाही, तेही लक्षात असू द्या. चाचणी पास झाली आणि तरी गाडी तापते, तर आतून चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, सैल बेल्ट, झिजलेलं पंपाचं पातं किंवा मेलेला व्हिस्कस पंखा (तापल्यावर आतल्या घट्ट तेलामुळे पकड घेणारा) यांपैकी काहीतरी आहे. इंजिन बंद आणि गरम असताना व्हिस्कस पंखा हाताने फिरवा. तो अवरोध न दाखवता मोकळा गरगर फिरला किंवा मधल्या चकतीवर तेलाची ओल दिसली, तर पंख्याचा क्लच गेला. उसाच्या फडात जाणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो. तो इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगच्या जोराच्या फवाऱ्याने पत्ते वाकतात.

एका गाडीसाठी मोठं किट घेण्यात अर्थ नाही. आपल्या मानेला बसणारा ॲडॅप्टर, कॅपचा दुतोंडी ॲडॅप्टर आणि शून्यावर येणारं मीटर असलेलं लहान किट पुरतं. गावात तीन-चार पिकअप असतील तर मिळून एक घ्या. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर थंडी पडल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा प्रत्येक गाडीला लावा. काम झाल्यावर नळीतलं कूलंट झटकून काढा, पंप आणि कपलर साध्या पाण्याने धुवून कोरडे करा, नाहीतर कूलंट वाळून झडप चिकटते. पेटीत चार जादा ओ-रिंगा आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब टाकून ठेवा. किट दुसऱ्याकडून परत आलं की आधी कॅपवर लावून १० पीएसआय पाच मिनिटं थांबतात का ते बघा, मग पेटी बंद करा.